चौसष्टाव्या वर्षी बाणांची चटई



मागच्या लेखात पारण्याच्या पेजेबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की सकाळी वीस मिनिटं बाणांवर नाचून झालं की मग मी स्वयंपाकाला लागते. पेजेबद्दल कुणी काही विचारलं नाही. पण अष्टमीला बस्तीत चौघी-पाचजणींनी अडवून विचारलं, "अहो, हे बाण म्हणजे काय?" एकीला वाटलं मी धनुर्विद्या शिकतेय. तेव्हा आज सगळं नीट सांगते.

हा एक व्हिडिओ गेम आहे. नाचाचा. टीव्हीच्या पडद्यावर वरच्या बाजूला चार बाण एका ओळीत स्थिर असतात: डावा, खालचा, वरचा आणि उजवा. गाणं सुरू झालं की खालून तसेच रंगीत बाण वर सरकत येतात. सरकणारा बाण वरच्या स्थिर बाणावर बसतो त्या क्षणी आपण आपल्या पायाखालच्या चटईवरच्या त्याच बाणावर पाय द्यायचा. चटई जेमतेम तीन फूट लांब-रुंद. मधला चौकोन उभं राहण्याचा, पुढचा चौकोन म्हणजे वरचा बाण, मागचा म्हणजे खालचा, आणि दोन बाजूंना डावा-उजवा. चटईच्या पोटात तारा असतात आणि तिची एक वायर लॅपटॉपला जोडायची. एवढंच यंत्र.

मूळ खेळ जपानचा. कोनामी नावाच्या कंपनीने १९९८ साली ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ नावाने तो खेळघरांत आणला. नाणं टाकायचं आणि लोखंडी चौथऱ्यावर उभं राहून नाचायचं. मग तो चटईच्या रूपाने घरात शिरला. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मुलांचा लठ्ठपणा हा मोठा प्रश्न होता. तिथे २००६ साली सरकारी शाळांमध्ये हा खेळ व्यायाम म्हणून आणायचं ठरलं. आमच्या लॅपटॉपवर जो आहे त्याचं नाव ‘स्टेपमॅनिया’. तोही त्याच पद्धतीचा, पण फुकट मिळणारा आणि कुणालाही त्यात स्वतःची गाणी घालता येतील असा. आमच्या सूनबाईंचा आवडता खेळ वेगळा, ‘जस्ट डान्स’. तो २००९ चा. त्यात पडद्यावरच्या नर्तकीची नक्कल करायची आणि हातात धरलेलं यंत्र हाताची हालचाल मोजतं. तिथे पाय जागचे हलले नाहीत तरी गुण मिळतात. मला नेमके पायच हलवायचे होते, म्हणून तो माझ्या कामाचा नव्हता.

पायच का, ते सांगते.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या नणंदबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि ज्या बाई रोज पहाटे अभिषेकाचं पाणी स्वतः गाळून नेत त्या आता खाटेवरून दारापर्यंत वॉकर घेऊन येतात. मी महिनाभर त्यांच्याजवळ राहिले. परत आले ती भिंत धरून चालायची सवय घेऊन. मला काही झालं नव्हतं. गुडघे थोडे कुरकुरतात, ते कुणाचे नाहीत? पण ओली फरशी दिसली की पाय आखडायचा. बस्तीच्या पायऱ्या उतरताना कठडा सुटायचा नाही. मागून कुणी घाईने आलं की मी बाजूला होऊन थांबायची.

आणि कार्तिकात आमच्या महिला मंडळाची सम्मेद शिखरजीची यात्रा ठरलेली. तुमच्यातल्या ज्या जाऊन आल्यात त्यांना सांगायला नको. मधुबनहून रात्री दोन-तीनला निघायचं, नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर वरच्या टोकांची वंदना, नऊ किलोमीटर उतार. सत्तावीस किलोमीटर, अनवाणी. वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले तो डोंगर. मी अजून पाहिलेला नाही. लग्नानंतर दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं, एकदा बाळंतपण, एकदा सासऱ्यांचं आजारपण. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी डोली असते. डोलीला मी नावं ठेवत नाही, आजारी माणसाला तो मोठा आधार आहे. पण माझी सत्तर किलोची काया दोघा-चौघांनी खांद्यावर घेऊन चढ चढायचा आणि मी वर बसून णमोकार म्हणायचा, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मलाच कसंतरी होतं.

मंडळाच्या अध्यक्ष ताईंनी यादी केली तेव्हा तिच्यात एक रकाना डोलीचा होता. माझ्या नावापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह घातलं. तसं ठरलं वैशाखात. आणि मे महिन्यात नात सुट्टीला आली, ती ही चटई गुंडाळून घेऊन.

ती बारा वर्षांची. पुण्याला राहते. पहिल्याच दिवशी तिने चटई पसरली आणि मी ओरडले, "थांब, आधी खाली बघू दे!" ती म्हणाली, "आज्जी, खाली काय आहे?" खाली मुंग्या होत्या, अर्थात. मे महिन्यात जयसिंगपूरच्या बैठ्या घरात मुंग्या नाहीत अशी फरशी दाखवा. तेव्हापासून नेम ठरला: आधी मऊ कुंच्याने हलकेच फरशी झाडायची, मग चटई, आणि खेळून झालं की लगेच गुंडाळून उभी करून ठेवायची, म्हणजे खाली काही जाऊन बसत नाही. नात आधी कंटाळली. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून पाहिलं तर ती स्वतःच कुंचा घेऊन कोपऱ्यापर्यंत झाडत होती.

आता मुख्य गोष्ट. सख्यांनो, या खेळाची पहिली अट अशी आहे की खाली बघायचं नाही. डोळे पडद्यावर. पाय आपापली जागा शोधतील.

आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय? चार हात पुढची जमीन बघून चाला. ईर्यासमिती मुनींची असली तरी तिची सावली श्रावकांच्या घरातही असते. माझी आई अंगणातून जाताना मान वर करत नसे. मला तर रस्त्यात समोरून कोण आलं ते चपलांवरून कळतं! आणि इथे नात सांगते, "आज्जी, खाली बघू नको, बाण निघून जातो." खाली बघितलं की पडद्यावरचा बाण जातो, पडद्याकडे बघितलं की पाय चटईच्या बाहेर. पहिले दोन दिवस माझी मान पाखरासारखी वरखाली होत होती.

यावर मी जो तोडगा काढला तो माझा मलाच आवडला आहे. चटई प्लास्टिकची आणि सपाट. तळव्याला मधला चौकोन आणि बाण यांतला फरक कळतच नाही. मी जुन्या गोधडीचा चार बोटं रुंदीचा तुकडा कापला आणि दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने मधल्या चौकोनात चिकटवला. टाके घालायचे नाहीत हं, आत तारा आहेत. आता अनवाणी तळव्याला गोधडी लागली की समजतं, आपण मध्यावर आहोत. आठवडाभरात डोळे खाली जायचे थांबले. बघायचं ते खेळाआधी बघून घ्यायचं, झाडून घ्यायचं, मग पायावर विश्वास ठेवायचा. आणि गंमत म्हणजे न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी जी भीती वाटायची, ती मुळात नजरेची नव्हती, तळव्याची होती. तळव्याने जमीन ओळखणं मी सोडून दिलं होतं.

चटई आमच्या गुळगुळीत फरशीवर सरकायची. खाली सतरंजी घातली तर तीही सरकते. रबराची योगासनाची चटई खाली घातली तेव्हा कुठे ती जागेवर बसली. मोजे घालून खेळू नका. समोर नाही, बाजूला एक जड लाकडी खुर्ची ठेवा, पाठ आपल्याकडे करून. पहिले पंधरा दिवस माझा एक हात तिच्या पाठीवर होता. आणि सुरू करण्याआधी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ब्लड प्रेशर पाहिलं, गुडघे वाकवून पाहिले आणि म्हणाले, करा, पण उड्या नकोत. उड्या म्हणजे या खेळात दोन बाण एकदम येतात तेव्हा दोन्ही पाय एकाच वेळी टाकावे लागतात त्या. मला वाटलं, आता कसं? पण स्टेपमॅनियात उड्या काढून टाकायची सोय आहे. ‘नो जम्प्स’ असा पर्याय निवडला की जोडबाणांऐवजी एकच बाण येतो. गुडघ्यांचा विचार करणारा कुणीतरी भला माणूस तो लिहिणाऱ्यांत असावा.

आता नातीने शिकवलेलं सांगते, कारण यातलं मला आपणहून सुचलं नसतं.

नवशिकी बाई काय करते? डाव्या बाणावर डावा पाय टाकते आणि परत मध्यावर आणते. उजव्यावर टाकते, परत मध्यावर. एका बाणाला दोन पावलं. गाणं जरा जलद झालं की दमछाक. नात म्हणाली, "आज्जी, परत येतेस कशाला? तिथेच राहा की." पाय बाणावर टेकलेला राहिला तरी काही बिघडत नाही, नुसतं उभं राहिल्याबद्दल गुण कापले जात नाहीत. डावा पाय डाव्या बाणावर आहे, पुढचा बाण वरचा आला, तर उजवा पाय पुढे टाका. मग डावा, मग उजवा. पाय आळीपाळीने. बस्तीच्या पायऱ्या चढताना आपण तसंच करतो ना, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जोडत बसत नाही. पण मी गेलं वर्षभर तेच करत होते! एक पाय पायरीवर, दुसरा त्याच्याशेजारी, मग पुढची पायरी. ते पोरीने बाणांवरून ओळखलं. म्हणाली, "तू बस्तीतपण असंच चढतेस."

दुसरं म्हणजे पूर्ण पाऊल आपटायचं नाही. टाच किंचित उचललेली, भार चवड्यावर. झिम्मा खेळताना आपला भार असतो तिथेच. हे मात्र मला लगेच आलं, मंगळागौरीच्या खेळांना शेजारणींकडे आमंत्रण असायचं तेव्हा चवड्यांचं काम पुष्कळ केलंय. फक्त पस्तीस वर्षं पोटऱ्यांना सुट्टी होती, त्यांनी तीन दिवस संप केला. तीळतेल कोमट करून चोळलं, झालं.

तिसरी गोष्ट बुद्धीला न पटणारी. सुरुवातीला बाण फार दाट यायचे, एकावर एक चढल्यासारखे, कुठला आधी ते कळेना. मी म्हटलं वेग कमी कर. तिने वेग दुप्पट केला! मला वाटलं थट्टा करतेय. पण गाण्याचा ठेका तोच राहतो, पावलं तेवढीच राहतात; फक्त बाण पडद्यावर जलद सरकतात, म्हणून दोन बाणांमधलं अंतर दुप्पट दिसतं. पोह्यांतले खडे ताटात पसरून निवडतो तसं. दीडपटीपासून सुरू करा, डोळ्यांना दाट वाटलं तर दुप्पट करा. शिवाय बाणांना रंग असतात, त्यांच्याकडे लक्ष द्या. आमच्याकडे ठेक्यावर येणारा बाण तांबडा आणि दोन ठेक्यांच्या बरोबर मधे येणारा निळा. सुरुवातीच्या गाण्यांत जवळजवळ सगळे तांबडेच. म्हणजे टाळ वाजवता येणाऱ्या बाईला ही पहिली पायरी अवघड नाही. निळा आला की सावध.

पायऱ्यांची नावं अशी: बिगिनर, ईझी, मीडियम, हार्ड आणि चॅलेंज. मी तीन महिन्यांनी ईझीवर आहे. नात हार्डवर. तिच्याकडे बघताना मला वाटतं तिला चार पाय आहेत.

मधे एक अडचण आली होती. जून संपता संपता नात परत गेली आणि जाताना चटई व तिच्या बाबाचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली. तोवर आम्ही लॅपटॉपच्याच पडद्यावर खेळत होतो. मी ह्यांना सांगून तो मोठ्या टीव्हीला जोडला. आणि पाऊल ठेक्यावर पडूनही प्रत्येक वेळी शेरा उशिराचा! फोनवर नातीने खुलासा केला. नवे टीव्ही आलेलं चित्र आधी सुधारतात, उजळवतात आणि मग दाखवतात. त्या सजवण्यात सेकंदाचा छोटासा भाग जातो. सिनेमा बघताना कळत नाही, पण या खेळात ‘परफेक्ट’ शेऱ्यासाठी पुढेमागे फक्त ४५ मिलिसेकंदांची सूट आहे, म्हणजे सेकंदाचा साधारण बाविसावा भाग. ‘ग्रेट’साठी त्याच्या दुप्पट, ९०. टीव्हीने तेवढा वेळ खाल्ला की आपलं पाऊल कितीही बरोबर असो, हिशेबात उशीरच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो लावला की टीव्ही ही सजावट बाजूला ठेवतो. बाकी राहिलेला फरक खेळातच जुळवून घेता येतो. ह्यांनी ते सगळं चष्मा वरखाली करत तासभर बसून केलं. व्यापारी माणूस, तोलकाटा शून्यावर आणल्याशिवाय उठायचे नाहीत.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर सांगते. मी सांगलीला बी.कॉम. केलं आणि त्यानंतर फक्त किराण्याचा आणि मंडळाचा हिशेब लिहिला. या खेळाने मला पुन्हा वही धरायला लावली. गाणं संपलं की पडद्यावर ताळेबंद येतो: मार्व्हलस किती, परफेक्ट किती, ग्रेट, गुड, बू आणि मिस किती. सगळ्यांची बेरीज गाण्यातल्या एकूण पावलांइतकी यायलाच हवी. मी ती करून बघते. १६ जूनचं एक पान समोर आहे: एकूण पावलं ११२, परफेक्ट आणि त्यावरची ३१, ग्रेट ४०, गुड १७, बू ९, मिस १५. तेच गाणं काल: ५८, ३८, ९, ३, ४. दोन्हीची बेरीज ११२. गुणांचा एकच आकडा बघितला असता तर ‘वाढला’ एवढंच कळलं असतं. खाती वेगवेगळी ठेवली म्हणून दिसलं की मिस आणि बू कमी झाले ते पहिल्या महिन्यातच, आणि ग्रेटचे परफेक्ट होतायत ते आत्ता. म्हणजे आधी पाय जागा शिकला, मग वेळ शिकला. शेजारी मी अजून एक रकाना ठेवलाय, ‘खुर्ची’. हात किती वेळा टेकला ते. ११ जुलैपासून त्यात शून्य आहे.

आता जरा नाजूक विषय.

स्वाध्यायानंतर एका ताईंनी मला विचारलं, की आपण बारा व्रतांत अनर्थदंडविरतीबद्दल वाचतो आणि तुम्ही घरात नाचाचा खेळ खेळता, हे कसं? प्रश्न त्यांनी प्रेमाने विचारला होता आणि प्रश्न योग्यच होता. मी घरी जाऊन अनर्थदंडाचे पाच प्रकार कागदावर लिहिले: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती, प्रमादचर्या. पहिल्या तिन्हींचा इथे संबंध दिसेना. प्रमादचर्या म्हणजे विनाकारण आणि निष्काळजीपणे केलेली हालचाल. तर कारण मी वर सांगितलंय आणि काळजी कुंच्याने घेते. आषाढापासून तर संध्याकाळी खेळणं बंदच केलंय. पावसाळ्यात दिवा लावला की चिलटं आणि पाखरं खाली पडतात, तिथे नाचणं होणार नाही. सकाळी उजेडात, बस्तीतून आल्यावर, वीस मिनिटं. अष्टमी-चतुर्दशीला उपवास असतो, त्या दिवशी चटई उलगडत नाही. दुःश्रुतीवर मात्र मी अडले. काही गाण्यांचे शब्द खरंच ऐकवत नाहीत. इंग्रजी कळत नाही म्हणून सोडून देता येत नाही, मला कळतं. मी नातीला बसवून यादीतली बरीच गाणी काढायला लावली. तिने कुरकुर केली, पण काढली. राहिलेल्यांत बहुतेक नुसतं वाद्यसंगीत आहे.

मग तिलाच एक कल्पना सुचली. स्टेपमॅनियात आपलं गाणं घालता येतं. गाण्याचा ठेका मिनिटाला किती ते द्यायचं, पहिला ठोका कुठे पडतो ते द्यायचं आणि मग एकेका ठेक्यावर बाण मांडत जायचं. रांगोळीचे ठिपके मांडावेत तसं ते काम. ती म्हणाली, "आज्जी, आपण तुझ्या भजनावर बाण बसवू या! तुला आवडेल." मनापासून म्हणाली. आणि मी नाही म्हटलं.

यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली. सूनबाईंचं म्हणणं, पंचकल्याणकात जन्माच्या दिवशी इंद्र-इंद्राणी झालेले लोक भगवंतांपुढे नाचतातच की, आरतीला बायका नाचतात, मग यात काय वावगं? बरोबर आहे. मीही नाचले आहे. पण तिथे नाचताना शेरा मिळत नाही. तीर्थंकरांचं नाव कानावर पडतंय आणि माझं सगळं चित्त माझा पाय ‘मिस’ झाला की ‘ग्रेट’ यात, हे मला जमणारं नाही. एखादीला जमत असेल. शिवाय नावाला पायाखालच्या बाणाशी जोडायचं, ते मनाला रुचलं नाही. मी नातीला हे असंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग ढोल-ताशा चालेल?" ढोल-ताशा चालेल! आम्ही दोघींनी मिळून दोन मिनिटांच्या ताशाच्या तुकड्यावर बाण बसवले. तिने कुठे पाय टाकायचा ते ठरवलं, मी मोजणी केली. गाडीत बसताना तिने मला त्या तुकड्याचं नाव दाखवलं, खेळाच्या यादीत तिने ते ‘आज्जी ईझी’ असं लिहिलंय.

आणि एक प्रकार सांगायचा राहिला. काही गाण्यांत बाणांबरोबर सुरुंगाची चित्रं येतात. त्यांच्यावर पाय पडू द्यायचा नाही. ते वर जात असताना त्या चौकोनातून पाय उचललेला हवा. पडला तर वरची जीवनपट्टी घटते. नात त्यात सारखी अडकते, कारण तिला वेगाची सवय. मी त्यात तिच्या पुढे आहे. कुठे पाय ठेवायचा नाही, हे बघण्याचा सराव मला साठ वर्षांचा आहे. तिने हे मान्य केलं, बरं का!

सुरू करायचं असेल तर घाईने चटई विकत घेऊ नका. लॅपटॉपच्या कीबोर्डवरच्या चार बाणांनी आधी बोटांनी खेळून बघा, डोळ्यांना सवय होते. मग चटई. बिगिनरवर एक गाणं, बसून पाणी, मग दुसरं. दिवसाला तीनच गाणी. ‘गाणं मधेच बंद पडू नये’ असा पर्याय असतो तो लावून ठेवा, नाहीतर जीवनपट्टी संपली की खेळ थांबतो आणि आपण हिरमुसतो. गुडघ्यात ठणका लागला तर त्या दिवशी बंद. आणि घरात एखादं बारा वर्षांचं मूल असेल तर त्याला शिकवायला सांगा. आमची नात पूर्वी फोनवर "बरी आहे, ठेवू?" एवढंच बोलायची. आता रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि ती आधी माझ्या आठवड्याच्या बेरजा मागते.

गेल्या सोमवारी कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्या चढले. ह्यांना पुढे पाठवलं होतं, म्हणजे कुणी हात द्यायला नको. पाय आळीपाळीने पडत होते. वर पोचेपर्यंत तीनदा बसले. उतरताना कठडा पहिल्या वळणापर्यंत धरला, पुढे सोडला. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या, गुडघे नाही.

शिखरजी म्हणजे त्याच्या कितीतरी पट, हे मला कळतं. अंधारात चढायचं, टॉर्चच्या उजेडात चार हात पुढची वाट बघत, आणि तिथे पडदा नसतो. यात्रेची यादी मी परवा पुन्हा पाहिली. माझ्या नावापुढचं प्रश्नचिन्ह तसंच आहे. अध्यक्ष ताई म्हणाल्या, डोलीवाल्यांना आगाऊ कळवावं लागतं, दशलक्षण पर्व झालं की नक्की सांगा. मी त्यांच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि त्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं, ‘अनंत चतुर्दशीनंतर कळवते’. तोवर दर सोमवारी कुंभोज, आणि बाकीचे दिवस चटई.